किल्ला नातवाचा, खुर्ची आजोबांची

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. यंदा सासरचे आई-बाबा दिवाळीच्या आठवडाभर आधीच ठाण्याच्या नौपाड्याहून तुमच्याकडे खारघरला राहायला येणार, आणि तुला धास्ती एकच: गेल्या वर्षी बाबा सणाची माहिती सांगायला बसले आणि दहा मिनिटांत धाकटा टॅब घेऊन आत निघून गेला, तसं पुन्हा होईल. अगं, सात वर्षांच्या मुलाला सण नुसता ऐकून कळत नाही. हात मातीत असले की तो आपणहून विचारतो, आणि विचारल्यावर मिळालेलं उत्तर त्याच्याजवळ राहतं. म्हणून आजी-आजोबांना माहिती सांगायला बसवू नकोस, नातवंडांबरोबर करायचं एकेक काम दे. धाकट्याने आजोबांबरोबर किल्ला करायचा, थोरलीने आजीबरोबर शंकरपाळे. पहिल्या वर्षी एवढं पुष्कळ झालं.

किल्ल्याचं आधी सांगते, कारण त्याला दिवस लागतात. वसुबारसेच्या सहा दिवस आधी बांधून झाला तरच सणाला हिरवा दिसेल. बाल्कनीत जाड प्लॅस्टिक अंथर आणि पाणी जायच्या जाळीवर जुनं फडकं दाबून ठेव. माती पाइपात गेली की ती काढणं फार कठीण. दोन बाय दोन फूट जागा भरपूर आहे. चार-पाच विटा उभ्या-आडव्या रचायच्या, फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि त्यावर पातळ चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं. गोणपाटाच्या चुण्या पडतात तेच कडे आणि घळी, त्या सपाट करू नका. वरून बोटभर जाडीचा मातीचा थर. नुसती चिकणमाती वाळताना आकसते आणि दुसऱ्या दिवशी भेगा दिसतात, म्हणून चार घमेली मातीला एक घमेलं बारीक वाळू घाला. मुलांचा हात पाण्याला सैल असतो. चिखल मुठीत दाबला की लाडूसारखा राहिला पाहिजे. बोटांतून ओघळला तर बुरूज रात्रीतून बसणार.

पेरायला हळीवच घे. मोहरी उतारावरून घरंगळते आणि सगळं रान पायथ्याशी उगवतं. हळीव भिजला की बुळबुळीत होतो आणि उभ्या कड्यालाही चिकटून बसतो. दोन चमचे हळीव अर्ध्या वाटी पाण्यात अर्धा तास ठेव, मग धाकट्याला बोटाने पातळ पसरू दे. एकाच जागी गोळा झाला तर खालून कुजतो आणि बुरशी धरतो. पाणी तांब्याने ओतायचं नाही, फवारायचं, दिवसातून दोन-तीनदा. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात.

आता बाबांबद्दल. आजोबांचं काय होतं, तर उत्साहाच्या भरात सगळा किल्ला तेच बांधतात आणि नातू विटा आणून देणारा गडी होतो. त्यांच्यासाठी बाल्कनीत खुर्ची मांड आणि हातात फवाऱ्याची बाटली दे. गुडघ्यांनाही बरं आणि किल्ल्यालाही. बैठक पाऊण तासाची, रोज एकदा. पोरगा कंटाळायच्या आत थांबायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच आजोबांना ओढून नेईल.

कुठला तरी डोंगर करून वर महाराज बसवण्यापेक्षा एक खरा गड निवडा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. मी राजगड घेईन. मध्ये सर्वांत उंच बालेकिल्ला आणि त्याच्याखाली तीन दिशांना पसरलेल्या तीन माच्या, म्हणजे तटबंद सपाट्या, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, ही रचना लहान हातांनाही साधते. बाबांना एवढंच सांग की माहिती देऊ नका, अडचण घाला. ‘गडावर एवढी माणसं, पाणी कुठून प्यायची?’ असं विचारलं की तो टाक्यासाठी वाटी शोधायला पळेल, आणि खडकात खोदलेल्या टाक्यांची गोष्ट तेव्हा सांगायची. ‘दरवाजा समोरूनच दिसतोय, शत्रूने तोफ डागली तर?’ मग दरवाजा दोन बुरुजांच्या आड कसा लपवतात, ते रायगडाच्या महादरवाजाचं नाव घेऊन दाखवायचं. पुढे ठाण्याला जाल तेव्हा मध्यवर्ती कारागृहाकडे बोट दाखवायला विसरू नका. ते ज्या किल्ल्यात आहे तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतला होता आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. बाल्कनीत बुरूज बांधलेल्या पोराला तो तट वेगळाच दिसेल.

शंकरपाळ्यांचं प्रमाण सोपं: दूध, साखर, तूप एकेक वाटी. साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, कोमट झालं की चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढा मैदा. हे ‘मावेल तेवढा’च तर पुढच्या पिढीपर्यंत पोचत नाही. आईंना मोजायला लावू नकोस, त्यांचा हात अडखळेल. थोरलीने मैद्याचा डबा आधी वजन करायचा, मळून झाल्यावर पुन्हा करायचा आणि वजाबाकी वहीत लिहायची. साधारण साडेचार ते पाच वाट्या निघतील. आईंची वाटी कोणती, तिच्यात किती मिलिलिटर पाणी मावतं, तेही लिहून ठेवायचं. प्रत्येक घरची वाटी निराळी. पीठ अर्धा तास झाकून ठेवा. लाटणं आणि कातण थोरलीकडे, तळण आईंकडे. तूप जास्त झालं तर शंकरपाळे तेलात विरघळतात. आच मोठी ठेवली तर वरून लाल, आतून कच्चे. पहिला घाणा चार-पाचांचाच टाका. विरघळले तर उरलेल्या पिठात मूठभर मैदा मळून घेता येतो. हे सगळं ओट्यापाशी उभ्याने नको, जेवणाच्या टेबलावर बसून करा.

तुझं काम सर्वांत अवघड, मध्ये न पडण्याचं. बुरूज वाकडा झाला तर वाकडा राहू दे. आईंची एखादी रीत पटली नाही तर मुलांसमोर दुरुस्त करू नकोस, रात्री दोघींत बोला. चालू कामात फोटो काढायला थांबवू नकोस.

माहेरी आणि सासरी रीत वेगळी असेल तर लपवायची गरज नाही. आईंकडे नरकचतुर्दशीला तुळशीपाशी कारीट, ते छोटं कडू फळ, पायाने फोडतात आणि तुझ्या आईकडे नाही, तर तसंच सांग: ही ठाण्याच्या आजीची पद्धत, ती साताऱ्याच्या आजीची. मुलांना दोन्ही आवडतात. कारीट ठाण्यातून निघतानाच घेऊन या असं आईंना सांग, ऐनवेळी शोधाशोध नको. त्या पहाटे ठाण्यात तलावपाळी आणि राम मारुती रोडला तरुणांची तुडुंब गर्दी असते. म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन तिथे जाऊ नकोस. कौपिनेश्वराचं दर्शन दुसऱ्या दिवशी सावकाश होईल.

आई-बाबांना यायला उशीर झालाच, तर किल्ला व्हिडिओ कॉलवर सुरू करा. वेळ ठरलेली हवी आणि प्रश्नही ठरलेला: ‘आज हळीव किती बोटं वाढला?’ ‘कसा आहेस’ विचारलं की मुलं ‘बरा’ म्हणून पळतात.

भाऊबीज झाली की किल्ला धाकट्यालाच मोडू दे. माती वाळवून पोत्यात भरा, बाल्कनीत कोपऱ्यात राहील. मावळे पुसून, कागदात गुंडाळून एका खोक्यात ठेवा आणि खोक्यावर त्याच्या अक्षरात गडाचं नाव आणि वर्ष. ते खोकं तुमच्या माळ्यावर ठेवू नकोस, आई-बाबांबरोबर नौपाड्याला पाठव. पुढच्या वर्षी मावळे हवेत म्हणून आजोबांना फोन त्यालाच करावा लागेल.

तुझी,
काकू