पेटीवरून सिंथकडे

प्रश्न : पेटी बऱ्यापैकी वाजवतो. आता सिंथेसायझर शिकायचाय. हाताशी १५ हजार रुपये आणि जुना विंडोज लॅपटॉप आहे. काय घेऊ?

उत्तर : अहो, लॅपटॉप आहे म्हणजे सिंथ आलाच की घरात! 'सर्ज एक्सटी' हा लॅपटॉपवर चालणारा सॉफ्टवेअर सिंथ फुकट उतरवून घ्या. कोर्ग कंपनीचा 'व्होल्का कीज' हा छोटा सिंथ गोंडस दिसतो, पण एका वेळी तीनच सूर देतो. पैसे मिडी कीबोर्डवर घाला, म्हणजे स्वतः न वाजता कोणती पट्टी किती जोरात दाबली ते लॅपटॉपला कळवणाऱ्या कीबोर्डवर. २५ पट्ट्यांत दोनच सप्तकं बसतात, पेटीवाल्याचा जीव गुदमरतो. ४९ पूर्ण आकाराच्या पट्ट्या हव्यात, सेकंडहँड चालेल. मात्र प्रत्येक पट्टी आधी हळू, मग जोरात दाबून पाहा. मी आळस केला आणि वर्षभर माझा कोमल गंधार कितीही हळुवार दाबला तरी किंचाळायचा.

आवाज उशिरा आला तर 'एएसआयओफोरऑल' हा मोफत ड्रायव्हर टाका, बफर (वाजण्याआधी लॅपटॉप साठवून ठेवतो तो आवाजाचा तुकडा) ५१२ सॅम्पलवरून १२८ वर आणा. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला बफरचा साडेअकरा मिलिसेकंदांचा उशीर तिनावर येतो. कडकड ऐकू आली तर २५६. हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथचा उशीर या खटपटीने जात नाही.

पहिल्या दिवशी प्रीसेट, म्हणजे सिंथमधले तयार आवाज, नकोत. एक सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी मूळ ध्वनिलहर) लावा, षड्ज धरून ठेवा आणि फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरचा आवाज गाळला जातो ती मर्यादा) हळूहळू मिटत न्या.