अमेरिकेतल्या अभिलेख-ग्रंथालयांच्या फेलोशिप मराठी विषयावर संशोधन करणाऱ्यांना मिळतात का?

तुम्ही लिहिलंय की पीएचडीची नोंदणी झाली आहे, विषय एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा, निम्मी कागदपत्रं बॉस्टनच्या बाजूला आहेत असं गाईड म्हणतात, आणि पदरचे पैसे घालून तिथे जाणं शक्य नाही. तिथली ग्रंथालयं आपल्यासारख्यांना पैसे देतात का, हा प्रश्न.

देतात. मला मिळाले, पण तिसऱ्या खेपेला. नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, इंग्रजी बेताचं, परदेशात ओळख शून्य. त्यामुळे आधीचे दोन नकार का आले तेच सविस्तर सांगते, त्याचा उपयोग जास्त होईल.

पहिल्या अर्जात मी दोन पानं भरून मराठी समाज, प्रबोधन, वसाहतवाद असं सगळं लिहिलं होतं. वाचायला भारदस्त, पण त्यात त्या ग्रंथालयातल्या एकाही कागदाचा उल्लेख नव्हता. हाच अर्ज नाव बदलून लंडनला पाठवला असता तरी चालला असता! निवड समितीतल्या लोकांना तुमचा विषय माहीत असेलच असं नाही. त्यांना कळतं ते एवढंच, की आमच्याकडची अमुक खोकी या बाईंना बघायची आहेत, ती दुसरीकडे नाहीत, आणि चार आठवड्यांत ती बघून होतील. दुसरा अर्ज मी बराच सुधारला, पण जे खंड मागितले त्यातले बरेचसे आधीच मायक्रोफिल्मवर (पानांचे बारीक फोटो असलेल्या रिळांवर) होते. मग इथवर यायचं कशाला, असं कोणीही विचारणारच. त्यांनी विचारलंही नाही, सरळ नकार पाठवला.

तुमच्या विषयाचं म्हणाल तर अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची स्थापना १८१० ची. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि नगरचं ठाणं १८३१ मध्ये सुरू झालं. बोर्डाचा पत्रव्यवहार आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. त्याचे संदर्भ क्रमांक 'एबीसी'ने सुरू होतात आणि आशियातली मिशनं १६ या आकड्याखाली लावलेली आहेत. बोर्डाच्या शिक्षिका सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये वारल्या. त्यांच्या नगरच्या शाळेचं नाव फुले दांपत्याच्या चरित्रांत येतं, ते तुम्हाला माहीत असेलच. बोर्डाचं 'मिशनरी हेरल्ड' हे मासिक मात्र घरबसल्या फुकट वाचता येतं. ते आधी वाचून काढा आणि अर्जात तसं लिहा. छापील मजकूर संपादकांनी काटछाट केलेला असतो, मूळ पत्रात काय गाळलं ते बघायचंय, हे कारण समितीला पटतं. माझ्या तिसऱ्या अर्जाचा कणा तोच होता.

तिथल्या कॅटलॉगमध्ये शोधताना एक गोष्ट सांभाळा. शिरूर शोधायचं तर एस, ई, आर, डबल ओ, आर असली कसरत करावी लागते. कधी 'सेरूर', कधी आणखी काही. नगर बहुतेक 'अहमदनग्गर' असतं, आणि पंतांचे 'पंट' झालेले असतात. मी एका वहीत अशी दोन पानं यादीच केली होती. तिथल्या संदर्भ ग्रंथपालांना मेल पाठवून विचारलं, तर त्यांनी दोन दिवसांत खोक्यांचे क्रमांक कळवले. वर विचारलं, की ही गावं तुम्हाला नकाशावर दाखवता येतील का? मग अर्जात मी ठळक लिहिलं की मला मराठी आणि मोडी वाचता येते आणि ही गावं माझ्या रोजच्या एसटीच्या रस्त्यावरची आहेत. आपण हे लिहायला लाजतो. लाजू नका, तिथल्या कितीतरी अर्जदारांकडे नेमकं हेच नसतं.

फेलोशिप दोन जातींच्या. लांब पल्ल्याच्या म्हणजे चार महिन्यांपासून वर्षभराच्या. त्यांतल्या ज्या अमेरिकी सरकारच्या मानव्यविद्या निधीतून येतात, त्यांना परदेशी माणूस आधीची तीन वर्षं अमेरिकेत राहिलेला लागतो. तो नाद सोडा. आपल्या कामाच्या त्या महिना-दोन महिन्यांच्या. हॉटनच्या आहेत, शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाच्या आहेत, वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीच्या आहेत (ही संस्था १८१२ ची, जुन्या अमेरिकन छापील साहित्यासाठी नावाजलेली). न्यू इंग्लंडमधल्या बऱ्याच ग्रंथालयांनी मिळून चालवलेली एक सामाईक फेलोशिपही आहे. मी बघितली तेव्हा तिची रक्कम ५,००० डॉलर होती आणि अट अशी, की किमान आठ आठवडे, किमान तीन संस्था, प्रत्येकीत निदान दोन आठवडे. बॉस्टनचं काँग्रिगेशनल ग्रंथालय त्यात आहे, म्हणून तुमच्या विषयाला ती चपखल बसते. अर्जाच्या तारखा साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पीएचडी करणाऱ्यांकडून बहुधा एवढीच अपेक्षा असते, की कोर्सवर्क वगैरे उरकून फक्त प्रबंध बाकी असावा. तेव्हा नुसती नोंदणी झाली असेल तर एक वर्ष थांबा आणि तेवढ्यात मुंबईच्या पुराभिलेखागारातले शिक्षण खात्याचे खंड चाळून घ्या. घरचं न बघता परदेशी निघालेला माणूस अर्जातून लगेच ओळखू येतो.

पैशाचं खरं सांगते. रक्कम ऐकायला मोठी वाटते, पण विमान आणि खोली यांतच संपते. जे-१ व्हिसा (देवाणघेवाण कार्यक्रमावर येणाऱ्यांचा) असेल तर फेलोशिपच्या रकमेतून साधारण १४ टक्के कर आधीच कापून घेतात. बॉस्टनकडे खोलीभाडं भयंकर आहे, मला मराठी मंडळाच्या ओळखीतून एका आजींच्या घरी वरची खोली मिळाली म्हणून निभावलं. रक्कम बहुतेक ठिकाणी तिथे पोचल्यावर हातात येते, म्हणजे तिकिटाचे पैसे आधी आपणच उभे करायचे. मी पतपेढीतून काढले. आणि सगळ्यात जास्त ताप अमेरिकेने दिला नाही, इथल्या कार्यालयाने दिला. ना-हरकत पत्राची माझी फाईल सात आठवडे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होती. 'बिनपगारी जाताय तर कशाला जाताय?' असंही ऐकून घेतलं. निवडीचं पत्र हातात पडायची वाट न बघता रजेचा विषय आधीच काढून ठेवा.

वाचनकक्षात पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल. पिशवी, कोट, पाण्याची बाटली बाहेर लॉकरमध्ये. एका वेळी एकच फोल्डर टेबलावर. फोनने फोटो काढता येतात, आणि इथेच माझी चूक झाली. पहिले तीन दिवस मी अधाशासारखे फोटो काढत सुटले. रात्री बघते तर कुठला फोटो कुठल्या पत्राचा, काही पत्ता नाही. चौथ्या दिवसापासून प्रत्येक फोल्डरच्या सुरुवातीला क्रमांकाची चिठ्ठी ठेवून तिचा फोटो आधी काढू लागले. टपालखर्च वाचवायला त्या काळी एकच कागद दोनदा लिहीत. आडव्या ओळी संपल्या की कागद फिरवून त्यांच्यावरूनच उभ्या ओळी. फोटोत त्याची निव्वळ जाळी दिसते. कागद समोर असला की थोडा तिरपा धरून, शाईच्या फिक्या-गडद छटेवरून एक थर सुटा करता येतो. असं एक चार पानी पत्र लावायला मला दीड दिवस लागला. त्यात शाळेत येणाऱ्या मुलींना घरचे सुगीत काढून नेतात, ही तक्रार होती. मुलींची नावं मात्र कुठेच नव्हती, नुसते आकडे.

लंडनची कागदपत्रंही लागणार असतील, तर भारतीयांसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची छोटी अनुदानं आहेत, ती वेगळी बघा. दोन शिफारसपत्रं लागतात ती गाईडकडून आजच मागून ठेवा, आणि पत्र लिहिण्याआधी त्यांना तुमचा अर्ज वाचायला द्या. माझ्या पहिल्या खेपेला एका सरांनी 'अत्यंत होतकरू विद्यार्थिनी' एवढंच लिहून पाठवलं होतं. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते.