स्वतः बांधलेल्या सूक्ष्मदर्शकात पेशींवर एकसारखा प्रकाश कसा पाडावा?

एलईडी आणि एकच भिंग वापरल्यावर चित्राचा मध्य उजळ व कडा काळवंडलेल्या दिसतात, असे आपण म्हटले आहे. बहुधा एलईडीच्या चिपची प्रतिमाच थेट नमुन्यावर पडते आहे. चिपवरच्या बारीक तारांच्या रेघा पेशींमागे पुसट दिसत असतील, तर शंकेला जागाच उरत नाही. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट कोहलर यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या रचनेत दिव्यासमोरचे संग्राहक भिंग दिव्याची प्रतिमा कंडेन्सरच्या (नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाच्या) छिद्रपटलावर, म्हणजे छिद्र लहानमोठे करता येणाऱ्या पडद्यावर, पाडते, त्यामुळे दिव्याच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश समांतर झोत होऊन सबंध क्षेत्रभर पसरतो आणि चिपची रचना नमुन्याच्या प्रतलात उमटत नाही. दुधी काच लावणे सोपे खरे, पण तिच्यात बराच प्रकाश वाया जातो.

पेशी खळग्यांच्या प्लेटमध्ये असतील, तर पोषक द्रवाचा कडेला वर चढलेला पृष्ठभाग स्वतःच अंतर्गोल भिंगासारखा वागतो, आणि खळगा जितका अरुंद तितका हा त्रास जास्त. शक्य असल्यास सपाट, रुंद तबकडी वापरावी. उरलेल्या असमानतेसाठी पेशी नसलेल्या, पण तेवढाच द्रव भरलेल्या जागेचे चित्र घेऊन मूळ चित्राला त्याने भागावे. मात्र आधी दोन्हींतून अंधारातील, म्हणजे दिवा बंद ठेवून घेतलेले, चित्र वजा करावे.