पुढची चाचणी आत्यांची

प्रश्न : माझे आजोबा दत्तक गेलेले. त्यांच्या जन्मदात्यांचं नाव एकाही कागदावर नाही. मी डीएनए चाचणी केली. एका अनोळखी व्यक्तीशी २१२ सेंटिमॉर्गन (दोघांत सारख्या असलेल्या डीएनएचं माप) जुळले. अहवाल म्हणतो, आमचे पणजोबा-पणजी एकच असावेत. आता आणखी महागडी चाचणी करू का? वडील नाहीत, आत्या आणि काका आहेत.

उत्तर : स्वतःवर आणखी पैसे घालू नका. आत्यांची चाचणी करा, आणि लवकर. आजोबांचा निम्मा डीएनए त्यांच्याकडे आहे, तुमच्याकडे सरासरी पाव. तुमच्याशी न जुळलेले लांबचे नातलग त्यांच्या यादीत सापडतील.

ही २१२ वाली व्यक्ती आत्यांशी जुळलीच नाही, तर ती तुमच्या आईकडची. आजोबांपुरता तिचा विषय संपला. जुळली, तरी ती आजोबांची की आजीची हे ठरायचंय. त्यासाठी आजीच्या सख्ख्या भाच्याची चाचणी मिळाली तर फार बरं. त्याच्याशीही जुळणारी माणसं बहुधा आजीकडची, ती बाजूला काढा. उरलेल्यांत आजोबांचं घराणं शोधायचं. खरी मेहनत इथेच आहे, आणि ती कुठलंही यंत्र करून देत नाही.

अहवालातल्या नात्यावर मात्र लगेच विसंबू नका. २१२ हा आकडा आजोबांच्या सावत्र भावाच्या (आई किंवा वडील एकच असलेल्या) मुलालाही तितकाच लागू पडतो, आणि दत्तकाच्या प्रकरणात सावत्र भावंडं निघणं अजिबात नवल नाही. म्हणून त्या व्यक्तीचं वय विचारा. ती तुमच्या वडिलांच्या वयाची निघाली, तर ही शक्यता आधी तपासा.

काकांची वाय-गुणसूत्राची चाचणी नंतर करता येईल. ते गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, त्यामुळे पणजोबांची पुरुषशाखा कळते. पण जुळणाऱ्या पुरुषाचा आणि तुमचा समान पूर्वज किती पिढ्यांपूर्वीचा, हे त्यावरून नेमकं सांगता येत नाही. अहवालातलं वांशिक टक्केवारीचं, म्हणजे पूर्वज कुठल्या प्रदेशातले या अंदाजाचं, रंगीत पान? या कामात त्याचा उपयोग नाही.

नमुना घेण्याआधी आत्यांना स्पष्ट सांगा, की यातून न मागितलेली माहितीही बाहेर येऊ शकते. त्या नको म्हणाल्या तर आग्रह धरू नका, काकांना विचारा. आणि त्या अनोळखी व्यक्तीला लिहिताना दत्तकाची कहाणी पहिल्याच पत्रात नको. आकडा कळवा, तिच्या आजी-आजोबांची नावं आणि गावं विचारा. उत्तर आलं की पुढचं.