कोठडी 'सुनावली' म्हणजे शिक्षा झाली का?

प्रश्न : वकीलताई, आमच्या दुकानात कामाला असलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाली. पेपरात आले, 'न्यायालयाने १४ दिवसांची न्यायालयीन कोठडी सुनावली.' आम्हाला वाटले, १४ दिवसांची शिक्षा झाली. पण तो सहाव्या दिवशीच घरी आला. आता गल्लीत बोलतात, पैसे चारून सुटला. खरे काय? त्याला परत कामावर घेतले तर आम्ही अडचणीत येऊ का?
– एक दुकानदार वाचक

उत्तर : तुमचा गैरसमज झाला, यात तुमची चूक नाही. घोळ 'सुनावली' या शब्दाने केला आहे. शिक्षाही सुनावली आणि कोठडीही सुनावली, मग वाचणाऱ्याने फरक करायचा कसा? कोर्टात आम्ही नुसते 'पीसीआर मिळाला' (म्हणजे पोलीस कोठडी), 'एमसीआर झाला' (म्हणजे न्यायालयीन कोठडी) एवढेच म्हणतो. तेव्हा खटला सुरूही झालेला नसतो, दोषी ठरणे तर फार दूर.

अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावे लागते. संविधानाच्या कलम २२ मध्येच तसे लिहिले आहे. हत्यार जप्त करायचे, साथीदार शोधायचे, असे काही बाकी असेल तर पोलीस आपल्या ताब्यात कोठडी मागतात. ती गरज संपली की आरोपी तुरुंगात जातो, ही न्यायालयीन कोठडी. मॅजिस्ट्रेटला एका वेळी १५ दिवसांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही, म्हणून बातम्यांत सारखा १४ चा आकडा दिसतो. तो पुढच्या तारखेचा हिशेब आहे.

आणि बाहेर 'न्यायालयीन कोठडी' या ज्या शब्दांनी घरच्यांच्या पोटात गोळा येतो, ते ऐकून आम्हा वकिलांना थोडे हायसे वाटते. पोलीस कोठडी चालू असताना जामीन सहसा मिळत नाही. एमसीआर झाला, की त्याच दुपारी आम्ही अर्ज टाकतो. तुमच्या मुलाचे असेच झाले असणार.

या शब्दाचा उलटा फटकाही मी पाहिला आहे. माझ्या एका अशिलाची आई पंधराव्या दिवशी सकाळी तुरुंगाच्या फाटकाशी जाऊन बसली होती. पिशवीत धुतलेला शर्ट, फडक्यात बांधलेली भाकरी. 'चौदा दिवस भरले ना, वकीलबाई?' तिने बोटांवर मोजले होते. आदल्या दिवशी कोठडी वाढली होती आणि हे तिला सांगायला हवे होते मी. तेव्हापासून तारीख सांगताना 'या दिवशी सुटका नाही' हे वाक्य मी आधी बोलते.

आता पैशांचे. जामिनाच्या आदेशात '१५ हजारांचा जातमुचलका (आरोपीची स्वतःची लेखी हमी) व तेवढ्याच रकमेचा जामीनदार' असे असते. ही रक्कम कुणाच्या खिशात जात नाही. जामीनदार सातबारा किंवा ऐपतीचे दुसरे कागद दाखवून हमी देतो, आरोपी पळाला तर मी भरीन. कॅश बेल असेल तर पैसे कोर्टात जमा होतात, त्याची पावती मिळते. माझी खरी तक्रार वेगळी आहे : आदेश होऊनही जामीनदार नसल्याने गरीब माणूस आतच राहतो. मोतीराम या गवंड्याला १० हजारांचा जामीनदार मागितला गेला, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ चालला नाही. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितले. आजही तालुका कोर्टात हा निकाल मला वाचून दाखवावा लागतो.

अशीच एक बातमी : 'आरोपपत्र वेळेत न आल्याने आरोपी सुटला.' ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत तपास संपला नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम १८७ मध्ये, तो तसाच आहे. खटला मात्र चालूच राहतो.

मुलाला जरूर कामावर घ्या, खासगी दुकानाला कायद्याची आडकाठी नाही. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच्याकडून मागून वाचा. पोलीस ठाण्यात ठरावीक दिवशी हजेरीची किंवा गाव न सोडण्याची अट असेल, तर मालाच्या खरेदीला त्याला बाहेरगावी पाठवू नका. तारखेला सुट्टी द्या. तो आजारी पडलाच, तर त्याच दिवशी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज जायला हवा. न कळवता राहिला तर वॉरंट निघते.