जुनी शॅडो की नवी फँटम?

प्रश्न : संग्रहासाठी एकच आलिशान गाडी घ्यायची आहे. सत्तरच्या दशकातली रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो किंवा २००३ नंतरची फँटम. महिन्यातून दोन-तीनदाच बाहेर काढणार. नवीमागे कटकट कमी, हे खरं का?

उत्तर : रोज चालवणार असाल तर खरं. उभी ठेवण्याच्या गाडीबाबत आमचं मत उलट आहे. शॅडोत सडतं ते रबर, पत्रा, लाकूड, चामडं. हे सगळं पुन्हा घडवता येतं. फँटममधलं कंट्रोल युनिट (गाडीचा एखादा भाग चालवणारा छोटा संगणक) गेलं तर तसलंच दुसऱ्या गाडीचं काढून बसवलं तरी कोडिंगशिवाय, म्हणजे त्याला या गाडीची ओळख करून दिल्याशिवाय, भागत नाही, आणि नवं मिळेनासं झालं की ते लेथवर काही घडत नाही.

शॅडो बघायला जाताना चुंबक न्या. दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तिथे तो चिकटणारच नाही. फिरवायचा तो दारांखालच्या सिलवर आणि मागच्या चाकांच्या कमानींवर. तिथे पकड सुटली की आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे असं समजा. मग ब्रेक. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद करा, इग्निशन चालू ठेवा आणि पेडल मोजून दाबत राहा. अ‍ॅक्युम्युलेटरमधला (ब्रेकसाठी दाब साठवणाऱ्या गोळ्यातला) नायट्रोजन शाबूत असेल तर ब्रेकचा इशारादिवा लागायला तीस-चाळीस दाब सहज लागतात. दहाच्या आत लागला तर गाडी चालवून बघूच नका. शेवटी इंजिन ब्लॉकच्या बाजूची बारीक भोकं पाहा. तिथे कूलंटचे ओघळ दिसले तर लायनरचे (सिलिंडरच्या आतल्या नळीचे) सील गेलेत, म्हणजे इंजिन उतरवायचं काम. भोकं बुजवून विकायला काढलेल्या गाड्याही असतात!

फँटमचा खरा शत्रू म्हणजे उभं राहणं. सगळी युनिट्स ‘झोपल्यावर’ही बॅटरीवर ५० मिलिअँपिअरची ओढ राहिली तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. ९० अँपिअर-तासांची बॅटरी पाच-सव्वापाच आठवड्यांत अर्धी होते. एखादं युनिट झोपलंच नाही आणि ओढ अर्ध्या अँपिअरवर राहिली, तर चारच दिवसांत. त्यामुळे गाडी कुलूपबंद करून, किल्ली लांब ठेवून, अर्ध्या तासाने बॅटरीच्या तारेवर क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारं) लावा. सुरुवातीच्या फँटमना मिशेलिनचे पॅक्स टायर होते. त्यांची रिम वेगळ्याच मापाची, नेहमीचा टायर तिच्यावर बसत नाही. रिम बदलल्या असतील तर मूळच्याही मागून घ्या.

हायड्रॉलिक्स जाणणारा मेकॅनिक हाताशी असेल तर शॅडो घ्या. नसेल तर मात्र फँटम, आणि चार्जर कायम लावलेला.

प्रश्न : शॅडोत ब्रेकसाठी हिरवं मिनरल ऑइल चालतं का? आमच्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये तेच आहे.

उत्तर : अजिबात नाही. १९८०च्या स्पिरिटपासून मिनरल ऑइल आलं, त्याआधीच्या शॅडोला आरआर ३६३ लागतं. ते ब्रेक फ्लुइडच्याच जातीचं, वंगणासाठी एरंडेल तेलाचा अंश घातलेलं. मिनरल ऑइलने शॅडोचे सील फुगतात, आणि पंपापासून गाडीची मागची उंची सांभाळणाऱ्या लेव्हलिंग रॅमपर्यंत सगळंच उघडावं लागतं. चुकून ओतलं असेल तर इंजिन सुरू करू नका, पेडलही दाबू नका. तेल टाकीतच आहे तोवर टाकी उपसून धुतली तर निभावतं. टाकीच्या झाकणावर फ्लुइडचं नाव रंगवून ठेवा.