देणगीची पाटी आणि चालू खर्चाची वही : धर्मादाय रुग्णालयांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या तालुक्यात एका सार्वजनिक न्यासाचे छोटे रुग्णालय आहे. त्याचा सुवर्णमहोत्सव जवळ आला असून स्मरणिकेसाठी इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विश्वस्तांकडे उद्घाटनाची छायाचित्रे, देणगीदारांची यादी आणि सभांची काही इतिवृत्ते आहेत. एवढ्यावर इतिहास लिहिता येईल का? आणखी काय पाहावे?
— एक निवृत्त शिक्षक, शहादा

उत्तर : आपल्याजवळच्या कागदांवरून रुग्णालय कसे उभे राहिले ते लिहिता येईल, ते इतकी वर्षे कसे चालले, हे मात्र त्यांतून कळणार नाही. इमारतीसाठी देणगी मिळते, क्ष-किरण यंत्रासाठी मिळते, आईवडिलांच्या नावाची पाटी लागणार असेल तर खाटेसाठीही मिळते. परंतु रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार, विजेचे बिल, जनरेटरचे डिझेल आणि भूलतज्ज्ञाचे मानधन यांसाठी देणगी देणारा क्वचितच भेटतो. म्हणून प्रत्येक दशकात चालू खर्च कोणी भरला, हा एकच प्रश्न हाताशी धरून आपण सारे कागद वाचावेत, असे मी सुचवीन.

त्यासाठी पहिली जागा धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतील कार्यालय. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक न्यासाची तिथे नोंद असते आणि विश्वस्त बदलला, जमीन मिळाली किंवा न्यासाची घटना (नियमावली) दुरुस्त झाली की त्याचा बदल अर्ज दाखल करावा लागतो. हे बदल अर्ज तारखेनुसार लावले की संस्थेच्या वाढीचा सांगाडा आपोआप उभा राहतो. लेखापरीक्षित हिशेबांपैकी परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद आणि परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्चाचे पत्रक. आपल्याला हवा तो मजकूर मुख्यतः परिशिष्ट नऊमध्ये आहे. रुग्णांकडून आलेली रक्कम, अनुदान, देणगी आणि व्याज हे आकडे वर्षामागून वर्ष एकाखाली एक मांडून पाहा. पत्रशीर्षावरील नोंदणी क्रमांकात ‘एफ’ हे अक्षर असेल, तर न्यास १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेला आहे, असे समजावे. मग सभासदांच्या वार्षिक सभांची इतिवृत्तेही मागावीत. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या न्यासाचे मूळ कागद धुळ्याच्या दप्तरात निघण्याची शक्यता मोठी आहे. शोध तिथूनच सुरू करावा.

पार्श्वभूमीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० साली निघालेला खानदेशाचा खंड उपयोगी पडेल. सरकारी दवाखाने तेव्हा मोठ्या गावांपुरते होते आणि सातपुड्याच्या पायथ्याचा भाग त्यांच्या पल्ल्याबाहेर होता. पुढे छप्पनियाचा दुष्काळ (१८९९-१९००) आणि प्लेग यांनी हा प्रदेश पिळून काढला. पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारकडे, मिशनऱ्यांनी काढलेल्या दवाखान्यांपैकी नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे रुग्णालय आजही चालू आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांना देशात राहणे अवघड होत गेले, तेव्हा उत्तर आणि मध्य भारतातील अशी अनेक रुग्णालये भारतीय व्यवस्थापनाकडे सोपवण्यासाठी १९७० च्या सुमारास इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन स्थापन झाली. चिंचपाडा त्याच जाळ्यात आहे. परदेशातून येणारा पैसा आटल्यावर इथल्या रुग्णांच्याच खिशाकडे पाहण्याची वेळ या संस्थांवर कशी आली, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण स्थानिक देणग्यांवर उभ्या राहिलेल्या आपल्यासारख्या न्यासांपुढेही पहिल्या उत्साहानंतर तोच प्रश्न आला.

एक गोष्ट आपल्या भागाची म्हणून विशेष लक्षात घ्यावी. धर्मादाय रुग्णालय सहसा पैसे भरू शकणाऱ्या रुग्णाकडून थोडे जास्त घेऊन गरिबाचा खर्च भागवते. नंदुरबार-नवापूरकडे मात्र ऐपत असलेला रुग्ण रेल्वेत बसून सुरतेला जातो. नवापूरचे स्थानकच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. मागे उरतो तो सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडून झोळीत घालून आणलेला, उशिरा पोहोचलेला आणि म्हणूनच उपचाराला अधिक खर्च लागणारा रुग्ण. पैसे भरणारा निघून जातो आणि खर्चाचा रुग्ण राहतो, हे गणित ज्या रुग्णालयाने दशकानुदशके सांभाळले, त्याच्या विश्वस्तांचे आणि डॉक्टरांचे खरे कर्तृत्व तिथे आहे. मजल्यावर मजला चढला यात ते तितकेसे नाही.

वाढीचे टप्पे खाटांच्या संख्येवर ठरवू नयेत. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर निघू लागणे हा पहिला टप्पा. रात्रीचे बाळंतपण गावातच होऊ लागणे हा दुसरा, कारण त्यासाठी चोवीस तास परिचारिका लागते. आणि सिझेरियन होऊ लागणे हा फार मोठा, कारण त्यासाठी शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि रक्त ही तिन्ही एकाच वेळी हाताशी लागतात. रक्ताबाबत शस्त्रक्रियागृहाची जुनी नोंदवही अवश्य उघडावी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली, आणि त्यानंतर स्वेच्छा रक्तदानाच्या शिबिरांवाचून गत्यंतर उरले नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या प्रमाणात असलेल्या भिल्ल-पावरा वस्तीच्या भागात तर रक्ताची गरज बाळंतपणापुरती कधीच नव्हती.

अलीकडचा टप्पा रुग्णाच्या उपचाराचा खर्च रुग्णालयाला देणाऱ्या सरकारी योजनेचा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. नंदुरबार आणि जळगाव २०१३ च्या नोव्हेंबरपासून आले. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. आपले रुग्णालय योजनेत असेल, तर त्या वर्षाच्या आधीचे आणि नंतरचे परिशिष्ट नऊ शेजारी ठेवून वाचा. ज्यांचा खर्च पूर्वी सवलत म्हणून सोडून द्यावा लागे, त्यांच्यापैकी अनेकांच्या शस्त्रक्रियेचे पैसे आता दाव्याच्या रूपाने मिळतात. मात्र औषधवाल्याचे बिल आजचे असते आणि दाव्याची रक्कम नंतर येते.

शेवटी माणसे. निवृत्त परिचारिका, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचा चालक आणि आसपासच्या दाया यांच्याशी विश्वस्तांच्या आधी बोलावे, आणि ज्यांची भाषा अहिराणी, भिली किंवा पावरी आहे त्यांचे बोलणे त्याच भाषेत टिपून घ्यावे.

प्रश्न : ‘ना नफा’ म्हणवणारे रुग्णालय बिल का घेते? आणि पैसे उरले तर ते कोणाचे?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : ना नफा याचा अर्थ विनामूल्य असा नाही. न्यासाला शिल्लक उरू शकते. ती विश्वस्तांना वाटून घेता येत नाही, संस्थेच्या उद्दिष्टावरच खर्चावी लागते. आयकरातील सूट हवी असेल तर उत्पन्नाचा साधारणपणे ८५ टक्के भाग उद्दिष्टांसाठी वापरावा लागतो. न्यासाची जमीन विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. डॉक्टरांना पगार देणे यात गैर काही नाही. पगार न देणाऱ्या संस्थेत डॉक्टर टिकत नाहीत आणि त्याची झळ रुग्णालाच बसते.

प्रश्न : गरीब रुग्णासाठी खाटा राखीव असतात असे ऐकतो. मागायच्या कशा?
— एक वाचक, साक्री

उत्तर : सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. दाखल होताना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवावी, रुग्णालयाच्या समाजसेवकाला भेटून निधीतून उपचार मिळण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. नकार मिळाल्यास तीच पोच जोडून जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाकडे तक्रार करता येते. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, म्हणून चालू आकडा त्याच कार्यालयात विचारावा.